नानांची पाठ

सोमवार, ३

नानांचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं होतं, ते बुजवलं. डावा तर कधीचाच अधू. आता उजव्यात वायूचा एक बुडबुडा भरलाय आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून नानांनी दिवसरात्र पालथं पडून राहायचं आहे. जेवताना मान खाली, चालताना मान खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवडे तरी, आजोबा." नाना म्हणाले, "जन्मभर पोरांना माना वर करा म्हणून ओरडलो, त्याचा हा सूड."

मी कॉलेजातून रजा घेतली आहे. मधल्या खोलीत पलंग लावलाय, कपाळ टेकायला भोकाची उशी आणली आहे. मी उशापाशी बुटक्या स्टुलावर बसते. तिथून मला नानांचं टक्कल, मान आणि पाठ दिसते. त्यांना माझी पावलं, तीही अंधुक.

डायरी लिहायची मला सवय नाही. पण वडील, आजारपण, अंधार, स्मृती असा ऐवज हाताशी आहे, पुढे त्यातून काहीतरी उभं करता येईल, म्हणून टिपणं ठेवते आहे.

आणि इथे कुणी बघत नाही तर खरंही लिहून टाकते. या आजारपणाचा मला थोडा आनंद झालाय. माझी कादंबरी येऊन चार वर्षं झाली. तिला पुरस्कार मिळाला, तिच्यावर परिसंवाद झाले. नानांनी ती वाचली, कपाटात ठेवली आणि म्हणाले, "कागद चांगला वापरलाय." त्यानंतर एक अक्षर नाही. जन्मभर साहित्य शिकवलेला माणूस! मला जे काही कळतं ते त्यांच्यामुळेच. आता ते उठून जाऊ शकत नाहीत. आधी मोठी मोठी पुस्तकं वाचून दाखवीन, कान तयार झाला की हळूच माझं काढीन.

मंगळवार, ४

सकाळी मोठ्या थाटात सुरुवात केली. नानांनी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेली जाडजूड कादंबरी घेतली आणि वर्गात वाचते तशी वाचली, विरामांसकट. दुसऱ्या प्रकरणात पलंगावरून घोरणं ऐकू आलं.

जाग आल्यावर म्हणाले, "ताई, धाकटीचं वाच ना."

"धाकटीचं काय?"

"लाँड्रीवाली. अंक गादीखाली आहेत. पायाकडून हात घाल."

घातला. साप्ताहिकाचे सगळे अंक होते, अगदी पहिल्या भागापासून. पानांचे कोपरे दुमडलेले, एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ. म्हणजे भिंग लावून वाचत होते. माझ्या घरात, मी आणलेल्या गादीखाली!

माझी धाकटी बहीण विमा कंपनीत दावे तपासते. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवर गोष्टी लिहिते. तिची नायिका लाँड्री चालवते आणि इस्त्रीला आलेल्या कपड्यांच्या खिशांत जे सापडतं त्यावरून लोकांच्या भानगडी उकलते. दर आठवड्याचा शेवट ठरलेला: बाई खिशात हात घालते, हाताला काहीतरी लागतं, आणि क्रमशः. असल्या लेखनाला मी वर्गात पुड्या बांधायचं साहित्य म्हणते. पोरं हसतात.

तरी वाचलं, बातम्या वाचाव्यात तसं. तर नानांची पाठ हलायला लागली. मला वाटलं ठसका लागला, मी अंक टाकून पाणी आणायला धावले. ते हसत होते. खांदे गदागदा हलत होते.

"हसायला बंदी आहे का ते विचारून घे डॉक्टरीणबाईंना," म्हणाले. "असली तर चोरून हसावं लागेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाण्याचा पेला तसाच परत नेला.

बुधवार, ५

लहानपणी आम्ही दोघी नानांना निबंध दाखवायचो. माझ्या निबंधाखाली लाल शाईत शेरा असायचा, "सुरेख". कायम. धाकटीच्या निबंधाखाली असायचं, "पुढे काय?" कारण तिचा निबंध कधी धड संपायचाच नाही. मांजर विहिरीत पडलं, की वहीचं पान संपलं. शेरा वाचून ती रडायला लागायची आणि मी माझी वही मुद्दाम उघडी टाकून खेळायला जायची.

आज विचारलंच. "नाना, खरं सांगा. हे साहित्य आहे का?"

"कुठलं?"

"लाँड्री. तुम्हीच तर फळ्यावर उभी रेघ मारायचात ना? डावीकडे साहित्य, उजवीकडे करमणूक."

"मारायचो की. परीक्षेत प्रश्न यायचा, चार मार्कांचा."

"आणि तुमची व्याख्या? जे पुन्हा वाचावंसं वाटतं ते साहित्य?"

"ती बरी आहे," पाठ म्हणाली. "त्या लाँड्रीवालीचा सहावा भाग पुन्हा वाच बघू. तो कोट बदलतो तो."

घसा बसलाय असं सांगितलं. बसलाच होता.

गुरुवार, ६

नवा अंक आला. आज मी काय केलं ते लिहिते. धाकटीची जिथे जिथे गंमत होती तिथली ओळ गाळली. लाँड्रीवालीची एक शेजारीण आहे, ती दर भागात काहीतरी उसनं मागायला येते आणि नको ते सांगून जाते. ती आली की नाना आधीच खुदखुदतात. तिला आज येऊच दिलं नाही. शेवटचा परिच्छेदही कापला. खिशात हात घातला, इथेच अंक मिटला. पोटात दुखत होतं म्हणून केलं, दुसरं काही कारण नाही.

नाना म्हणाले, "आज कुणीतरी पाणी घातलंय यात."

"छापणारे कापतात हो कधी कधी."

मग संध्याकाळपर्यंत त्यांचा एकच उद्योग. खिशात काय असेल? किल्ली असेल. नको, किल्ली चौथ्या भागात झाली. दात असेल, दुधाचा. जेवण भरवताना म्हणाले, "ताई, मला वाटतं खिसा फाटका असणार. काही नसणार त्यात. तेच भयंकर." दिवसभरात एकदाही मान दुखते म्हणाले नाहीत. मी शेवट कापला आणि त्याचाही फायदा तिलाच झाला. करायला गेले काय!

सोमवार, १०

तपासणीला नेलं. बुडबुडा अजून आहे, आणखी दोन आठवडे पालथंच. नानांनी हं म्हटलं, फक्त हं.

बाहेर बाकावर एक बाई होत्या. त्यांच्या यजमानांचं हेच ऑपरेशन मागे झालंय. पिशवीतून साप्ताहिकाचा अंक डोकावत होता. गप्पांच्या ओघात मी बोलून गेले की ही लिहिणारी माझी बहीण. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. सोडेचनात.

"अहो, काय सांगू! ह्यांची मान मोडून आली होती. सारखं आपलं, मला उठव, मला उठव. एवढं वाचायला बसलं की तेवढा वेळ गप. मी मुद्दाम सावकाश वाचायची. तुम्ही पण लिहिता का?"

"हो."

"काय लिहिता?"

"साहित्य."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि लगेच, "बहिणीला सांगा हं, त्या लाँड्रीवालीला काही करू नका. ह्यांनी निरोप दिलाय समजा."

माझ्या कादंबरीवर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. माझ्या कादंबरीपायी कुणी परक्या माणसाचा हात असा धरलेला मला आठवत नाही. रिक्षात नानांची मान धरून बसले होते आणि मनात त्या बाईंशी भांडत होते. दुखणं विसरायला गोळ्या असतात, पुस्तकं नसतात, असं एक चांगलं वाक्य सुचलं. तेव्हा नाना म्हणाले, "रस्ता खराब आहे का गं? की तूच थरथरतेस?"

गुरुवार, १३

नवा अंक आला तो मी शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिला. मग माझी कादंबरी काढली आणि एका जुन्या अंकाच्या पानांत घालून बसले. नानांना दिसत नाही, पण पानांचा आवाज तरी तसा यावा. नाव धाकटीचं असलं तर कान उघडे राहतील, असं माझं गणित. माझं लेखन त्यांनी माझं म्हणून वाचलं म्हणून त्यांना आवडलं नाही. कळू दे तरी.

"आज धाकटीने वेगळंच लिहिलंय हं," म्हटलं आणि माझं सगळ्यात नावाजलेलं प्रकरण वाचलं. नायिका खिडकीशी उभी राहते ते. पुरस्काराच्या मानपत्रात याच प्रकरणाचा उल्लेख आहे. जीव ओतून वाचलं. सात पानं ती उभी आहे.

पाठ हलली नाही. इतकी नाही, की मध्ये एकदा मी श्वास चालू आहे ना ते बघितलं.

वाचून झाल्यावर नाना म्हणाले, "धाकटीला बरं नाहीये का?"

"का हो?"

"कुणीतरी बघतंय असं धरून लिहिलंय. इतका वेळ उभी आहे बाई, पण खिडकीतून तिला काय दिसतंय ते सांगत नाही. फोन लाव तिला. ये म्हणावं."

फोन लावला. दुसरं काय करणार? हात दाखवून अवलक्षण.

शनिवार, १५

धाकटी आली. ऑफिसची पिशवी दारातच टाकून आधी नानांच्या मानेला तेल लावायला बसली. नानांनी विचारलं, "बरी आहेस ना?" आता खिडकीचं निघणार.

"ठणठणीत! का हो?"

"काही नाही. मग ठीक," एवढंच म्हणाले. सुटले. मग ती दाव्यांच्या गमती सांगत बसली आणि ते ऐकता ऐकता पेंगले.

स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाली, "ताई, हसू नकोस हं. तुझी कादंबरी तिसऱ्यांदा वाचायला घेतलीय. अर्धी डोक्यावरून जाते. पण ते साहित्य आहे बाई. माझं म्हणजे आपलं, लोकांचा बसस्टॉपवरचा वेळ जातो."

जिवाला गार वाटलं. खोटं कशाला लिहू?

मग ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाना वाचतात का गं माझं? मी विचारत नाही. तुझ्या वहीत कसं 'सुरेख' लिहायचे! मला एकदासुद्धा नाही. मला नेहमी तो प्रश्न. कधीतरी म्हणतील म्हणून आपलं दर आठवड्याला लिहिते, झालं."

गादीखालचे अंक तिथून दहा पावलांवर होते. त्यांची हलणारी पाठ सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "दूध बघ, उतू जाईल."

निघताना तिने सांगितलं, पुढच्या गुरुवारी विशेषांक आहे, त्यामुळे तिचा भाग नाही.

रविवार, १६

खणातला अंक काढून वाचला. "टपालात अडकला होता," म्हटलं. नानांनी काही विचारलं नाही.

या वेळी काही गाळलं नाही. शेजारीण इस्त्री मागायला आली तेव्हा तिचा आवाजही काढला, कसा कोण जाणे निघाला. खिसा खरंच फाटका होता. नानांनी पलंगावर मूठ आपटली, "म्हटलं नव्हतं!" शेवटच्या ओळीला माझाच आवाज चढला आणि पान उलटून मी पुढचं शोधायला लागले. पुढे पंचांगासारखी कोष्टकं होती, बँकांच्या व्याजदरांची.

फार राग आला. कुणाचा ते ठरेना.

गुरुवार, २०

आजचं सावकाश लिहायला हवं.

नानांना सकाळपासून मान सहन होत नव्हती. चहाची नळी तोंडातून काढून टाकली. "मी काय जमिनीत पेरलेलं बी आहे का?" म्हणाले. मग आवाज उतरला. "ताई, मला एकदा सरळ बसव. एकदाच. कुणाला सांगू नकोस." मी नाही म्हटलं. ते रडत होते की काय ते कळलं नाही. चेहरा दिसत नाही ना!

थोड्या वेळाने, "अंक आला?"

आज अंक नाही हे मला ठाऊक होतं. त्या पाठीकडे बघून नाही म्हणवेना. "आला," म्हटलं.

आणि स्टुलावर बसले, तर हातात काहीच नव्हतं. जुने अंक त्यांना पाठ आहेत. माझी कादंबरी घ्यायची माझी छाती झाली नाही. मांडीवर होती ही डायरी, ते झोपले की मी इथेच बसून लिहिते म्हणून. उघडली.

"धाकटीने नवीन गोष्ट सुरू केलीय," म्हटलं आणि वाचायला लागले. "मास्तरांचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं होतं, ते बुजवलं." नानांचे मास्तर केले, माझी थोरली केली. बाकी वाक्यं जशी होती तशी. सुधारायला वेळच नव्हता.

माना वर करा, इथे खांदा हलला. गादीखालचे अंक निघाले तेव्हा दोन्ही हलले. पुड्या बांधायचं साहित्य, इथे "अरे देवा" ऐकू आलं. दवाखान्यातल्या बाई "अस्सं" म्हणाल्या तेव्हा नाना उशीच्या भोकात तोंड घालून इतके हसले की मलाच थांबावं लागलं.

आणि मला आवडायला लागलं. लिहायला लाजच वाटते, पण आवडलं. पुढची ओळ कुठे हसवणार ते मला आधी कळत होतं आणि मी त्या ओळीकडे घाईने जात होते. त्या भरात तेराव्या तारखेचं पान उलटलं. गाळायचं होतं. गाळलं नाही. कादंबरी अंकात लपवली, खिडकी, सात पानं, सगळं वाचून गेले. हसणं थांबलं. मग स्वयंपाकघर. तो प्रश्न, ते दूध. पुढे थोडं होतं तेही वाचलं आणि वाचायचं संपलं.

डायरी मिटली.

मग नाना म्हणाले, "धाकटीला सांग, आजवरचं सगळ्यात चांगलं आहे हे. ती थोरली काय दुष्ट बाई आहे! पण तिला सोडून उठवत नाही."

चार वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते धाकटीच्या पत्त्यावर! गप्प बसले तर ते तिचं. माझं म्हटलं, तर ती दुष्ट बाईही मीच. नुसतं बरं म्हणून उठून जाता आलं असतं, स्टूलही सरकवलं होतं. पण ते तिला जाऊ देणं माझ्याने झालं नाही. आजवर तिचं जे काही चांगलं झालं त्याचं मला वाईट वाटलं, पण हे माझं होतं.

"नाना, हे धाकटीचं नाही."

"मग?"

"माझं आहे."

खांदे पुन्हा हलायला लागले. "ते कळलं गं. धाकटीला इतकं जळायला कुठे जमतंय?"

"मग तिचं म्हणून कशाला सांगितलंत?"

"म्हटलं, बघू, सोडतेस का."

मला रडू येत होतं आणि संतापही. "आणि खिडकीचं? तेही कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? दोनदा वाचलीय ती कादंबरी. भिंग लावून."

"कागद चांगला म्हणालात नुसतं!"

"मग काय म्हणू? पहिल्यांदा वाचली तेव्हा तू कुठे सापडली नाहीस. म्हटलं, आपलंच लक्ष नसेल. म्हणून पुन्हा वाचली."

त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने ओला होता. निबंधाची वही घेऊन उभी राहायची तशी मी विचारलं, "हे सुरेख आहे का, नाना?"

"छे! सुरेख कसलं?" म्हणाले. मग उशीतूनच, अधीर होऊन, "पुढे काय?"

म्हटलं, अजून लिहिलेलं नाही. तर लिहायला बसवलंय मला. पेनचा आवाज ऐकत पडले आहेत. मान दुखते म्हणाले नाहीत.

पुढे धाकटीला फोन करायचा आहे. अंक गादीखाली आहेत, तुझ्या शेजारणीला ते आधीच हसतात, आणि त्या प्रश्नाला तू इतकी वर्षं उगाच रडलीस, हे सगळं सांगायचं आहे. सांगीन.

पण उद्या. आजचा दिवस मी तिला देणार नाही.